पाठभेदांचा निवाडा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावर सोपवली, पण दोन अटी घातल्या. विषय आमच्या व्यवसायातला असावा, आणि मंडळाच्या ग्रंथालयात दुपारी वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींनाही तो कळावा. पहिली अट सोपी होती. बंगळुरात आल्यापासून आम्ही सारी हयात संगणकांच्या चाकरीत घालवली, आणि त्यातही माहितीच्या साठ्यांची, ज्यांना सर्वजण डेटाबेस म्हणतात त्यांची, राखण करण्यात. दुसरी अट अवघड वाटत होती. परंतु महोत्सवाच्या तयारीच्या काळात आपल्याच मंडळात, आमच्याच हातून एक चूक घडली आणि तो पेच आपोआप सुटला. त्या चुकीची हकीकत हे आजच्या व्याख्यानाचे निमित्त आहे, आणि तिच्यातून आम्ही काय शिकलो हा त्याचा विषय.

प्रश्न असा. एकाच माहितीच्या अनेक प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्या, त्या त्या ठिकाणच्या माणसांना आपापल्या प्रतीत फेरफार करण्याची मुभा दिली, आणि काही काळाने त्या प्रती एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, तर खरी कोणती मानावी? इंग्रजी पुस्तकांत या स्थितीला संघर्ष या अर्थाचा शब्द आहे. आम्हांला मात्र आपल्या भाषेतला जुना शब्द अधिक नेमका वाटतो. तो शब्द म्हणजे पाठभेद. हस्तलिखित पोथ्यांच्या काळापासून आपल्या पंडितांना ज्या प्रश्नाने छळले तोच हा प्रश्न आहे. पोथीच्या जागी यंत्र आले आणि जे शतकांत घडत असे ते क्षणांत घडू लागले, एवढेच.

मुळात प्रती ठेवायच्याच कशासाठी, असे कोणी विचारील. कारणे दोन आहेत. एक सुरक्षिततेचे. आग लागते, पूर येतो, यंत्र बिघडते. तेव्हा दुसऱ्या गावी प्रत असलेली बरी. आपल्या आधार कार्डांची माहिती बंगळूर आणि हरयाणातील मानेसर अशा एकमेकांपासून दूर असलेल्या केंद्रांत ठेवली जाते, ती याच विचाराने. दुसरे कारण सोयीचे. ज्याला माहिती हवी त्याच्या जवळ ती असली की काम खोळंबत नाही.

आता प्रती सांभाळण्याच्या रीती. एक रीत अशी की एक प्रत मुख्य मानावी, सर्व फेरफार तिच्यातच करावेत आणि बाकीच्या प्रतींनी तिची नक्कल करावी. या रीतीत पाठभेद सहसा होत नाहीत. परंतु मुख्य प्रतीशी असलेला संपर्क तुटला की बाकीच्यांना हात जोडून बसावे लागते. दुसरी रीत अशी की प्रत्येक प्रतीला फेरफार स्वीकारू द्यावेत आणि संपर्क जुळल्यावर मेळ घालावा. हिच्यात काम थांबत नाही, पण पाठभेद पदरी येतात. एरिक ब्रूअर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 2000 साली हा पेच सूत्ररूपाने मांडला आणि 2002 साली गिल्बर्ट व लिंच यांनी तो गणिताने सिद्ध केला. संपर्क तुटलेला असताना सर्व प्रतींची एकवाक्यता आणि प्रत्येक ठिकाणी अखंड सेवा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येत नाहीत. संपर्क तर कधी ना कधी तुटणारच. म्हणजे कोणते दुःख पत्करायचे एवढेच आपल्या हाती उरते.

आता आमची हकीकत. आपल्या मंडळाची सभासदयादी कार्यालयातील संगणकावर असते. एप्रिलमध्ये तिची एक प्रत वर्गणीच्या कामासाठी खजिनदारांनी घरी नेली. जूनमध्ये आपले एक जुने सभासद वारले. जुलैत त्यांच्या पत्नीने, ज्यांना आपण सगळे काकू म्हणतो, कार्यालयाला पत्र लिहिले की यजमानांचे सभासदत्व त्याच क्रमांकाने आपल्या नावावर करून घ्यावे. कार्यालयाने त्या ओळीतले नाव बदलले. याचा खजिनदारांना पत्ता नव्हता. त्यांनी सप्टेंबरमध्ये आपल्या प्रतीतील सगळ्या पत्त्यांना पिनकोड जोडले. पुढे महोत्सवाच्या निमंत्रणांची वेळ आली तेव्हा दोन्ही याद्या एक करण्याचे काम आमच्याकडे आले. हा आपला हातखंडा, अशा डौलात आम्ही ते एका संध्याकाळी उरकले. नियम साधा ठेवला: एकाच क्रमांकाच्या दोन ओळी निराळ्या आढळल्या तर जिच्यात नंतर फेरफार झाला ती ओळ खरी.

जुलैपेक्षा सप्टेंबर नंतरचा. पिनकोड असलेली ओळ जिंकली, आणि ज्येष्ठ सभासदांच्या सत्काराचे निमंत्रण दिवंगत गृहस्थांच्या नावाने त्यांच्या घरी गेले.

काकू स्वतः कार्यालयात आल्या. रागाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. पाकीट टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, ह्यांचे नाव तुमच्याकडे अजून आहे हे पाहून क्षणभर बरेच वाटले. पण माझे नाव कुठे गेले?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांचे पत्र फायलीत नीट लावलेले होते. ज्याने ते वाचले त्याने आपले काम चोख केले होते. खजिनदारांचीही चूक नव्हती. चूक मेळ घालणाराची होती. ज्या नियमाने एका फटक्यात गेलेला माणूस परत आणला आणि असलेली बाई यादीतून नाहीशी केली, तो नियम आमचा होता. नोकरीत असताना ज्या आळसाबद्दल आम्ही तरुण सहकाऱ्यांना फैलावर घेत असू, तोच आळस आम्ही घरच्या कार्यात केला होता.

'नंतरची ती खरी' हा नियम जगभर वापरला जातो, कारण तो सोपा आहे आणि त्याने निवाडा हटकून होतो. त्याच्यात दोन दोष आहेत. पहिला घड्याळाचा. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळतील याची हमी नसते. ज्या शहरात 1961 सालापासून एच.एम.टी.ची मनगटी घड्याळे तयार होऊन देशभर गेली, त्या शहरात हे सांगायला संकोच वाटतो. पण आपल्या थोरल्या पिढीला मुंबई टाइम आठवत असेल. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून सुरू झाली, तरी मुंबईने आपली 39 मिनिटे मागची वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. त्या काळात एकाच शहरातल्या दोन घड्याळांवरून 'आधी कोण, नंतर कोण' हे ठरवायचे म्हटले असते तर आधी कोणते घड्याळ कोणत्या पंथाचे हे विचारावे लागले असते. यंत्रांमध्ये हा फरक मिनिटांचा नसून सेकंदाच्या अंशाचा असतो. परंतु सेकंदाला हजारो फेरफार होत असतील तिथे तेवढाही पुरतो.

दुसरा दोष अधिक खोल आहे. घड्याळे अगदी बिनचूक असली तरी 'नंतरचा' म्हणजे 'अधिक जाणता' असे ठरत नाही. खजिनदारांनी सप्टेंबरमध्ये ती ओळ लिहिली तेव्हा जुलैत काय घडले हे त्यांना माहीत नव्हते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 सालच्या एका गाजलेल्या निबंधात हे फार स्वच्छ मांडले आहे. एका घटनेची वार्ता दुसऱ्या घटनेपर्यंत पोहोचू शकली असेल, तरच पहिली 'आधी' आणि दुसरी 'नंतर' म्हणावी. ज्या दोन घटनांना एकमेकींची वार्ताच नव्हती त्या, भिंतीवरचे घड्याळ काहीही म्हणो, एकमेकींच्या आधीही नाहीत आणि नंतरही नाहीत. काकूंचे नाव आणि खजिनदारांचा पिनकोड हे एका एप्रिलच्या यादीपासून जन्मलेले दोन भाऊ होते. आम्ही त्यांना बाप-लेक समजलो.

मग भाऊ कोण आणि बाप-लेक कोण हे ओळखायचे कसे? येथे आम्ही तुम्हांला क्षणभर पुण्याला नेतो, कारण या प्रश्नाचा संगणकापूर्वी झालेला सर्वांत थोर अभ्यास तिथे झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर 1917 साली स्थापन झाले आणि 1919 साली त्याने महाभारताची चिकित्सित आवृत्ती हाती घेतली. 1925 पासून डॉ. वि. स. सुकथनकर या कामाचे प्रमुख संपादक होते. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या गोळा झाल्या. सर्व पर्वांसाठी मिळून 1,259 पोथ्या उपयोगात आल्या असे सांगतात. एकेक श्लोक कागदावर वर लिहून त्याखाली प्रत्येक पोथीतला पाठ नोंदला जाई. हे ताडून पाहण्याचे काम पुण्याबरोबर शांतिनिकेतनात आणि आपल्या मराठी राजांच्या तंजावरातही चाले. आदिपर्व 1933 साली पुरे झाले. सुकथनकर 1943 साली वारले, पुढे डॉ. श्री. कृ. बेलवलकर आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली आणि 1966 साली काम तडीस गेले. प्रतींचा मेळ घालायला जवळजवळ अर्धे शतक लागले. आम्ही एक संध्याकाळ दिली होती.

सुकथनकरांनी निवाडा कसा केला? सर्वांत नवी पोथी निवडून नाही, हे उघड आहे. पण बहुमतानेही नाही. नीलकंठ चतुर्धर, मूळचे कोपरगावचे, सतराव्या शतकात काशीला राहिले. त्यांच्या टीकेबरोबर त्यांचा पाठ देशभर पसरला. त्या एका पाठाच्या शंभर नकला शंभर साक्षी होत नाहीत. ती एकच साक्ष शंभर तोंडांनी बोललेली असते. उलट काश्मीरच्या शारदा लिपीतली पोथी आणि केरळातली मल्याळम पोथी, ज्यांची शतकानुशतके गाठभेट झाली नव्हती, एकच पाठ देत असतील तर तो जुना मानायला सबळ आधार मिळतो. तेव्हा साक्षी मोजण्यापूर्वी प्रत्येक साक्षीदाराने कोणाकडून ऐकले हे विचारावे लागते. प्रतीची वंशावळ कळली की पाठभेदाचा अर्धा निवाडा झाला. महाभारताच्या पोथ्या परस्परांत इतक्या मिसळल्या होत्या की शुद्ध वंशवृक्ष काढणे अशक्य होते, आणि ही अडचण सुकथनकरांनी स्वतःच नोंदवली आहे. त्यांना वंशावळ पोथ्यांच्या पानांतून हुडकावी लागली.

यंत्राला ती जन्मतःच बरोबर देता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी 1983 साली जी युक्ती मांडली ती अशी. प्रत्येक नोंदीला एक छोटी मोजणी चिकटवावी: हिच्यात कोणत्या ठिकाणचे किती फेरफार सामावले आहेत. आमच्या उदाहरणात काकूंच्या ओळीची मोजणी 'कार्यालय 1, खजिनदार 0' अशी झाली असती, आणि पिनकोडच्या ओळीची 'कार्यालय 0, खजिनदार 1' अशी. एकीत जे आहे ते दुसरीत नाही, दुसरीत जे आहे ते पहिलीत नाही. म्हणून या दोघी भावंडे, आणि येथे माणसाने लक्ष घालावे. खजिनदारांनी कार्यालयाचा फेरफार पाहून मग पिनकोड घातला असता तर मोजणी 'कार्यालय 1, खजिनदार 1' झाली असती आणि ती ओळ निःशंक पुढची ठरली असती. या मोजणीने निवाडा होत नाही, पण निवाडा करावा लागणार आहे एवढे वेळेवर कळते. ते आम्हांला कळले असते तर ते पाकीट गेले नसते. आम्ही सबंध ओळीची तुलना न करता रकान्यागणिक केली असती, तरीही काकूंचे नाव आणि खजिनदारांचा पिनकोड दोन्ही टिकले असते. मात्र रकाने असे सुटे करण्यालाही धोका आहे: घर बदललेल्या सभासदाचा नवा पत्ता आणि जुना पिनकोड एकत्र येऊन पत्र भलत्याच पेठेत जाऊ शकते.

भावंडे ओळखली, पुढे काय? पुण्याच्या संपादकांचा एक रिवाज आम्हांला फार पूज्य वाटतो. जिथे पाठाची खात्री होती तिथे त्यांनी तो साधा छापला. जिथे खात्री कमी होती तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ दिली. आणि दोन्ही प्रकारांत, जे पाठ त्यांनी नाकारले तेही तळटीपेत पोथीच्या नावानिशी छापले. उद्याच्या वाचकाला निवाडा फिरवावासा वाटला तर पुरावा त्याच्या हाताशी राहावा, हा विचार त्यामागे होता. ॲमेझॉन कंपनीने 2007 साली आपल्या डायनॅमो या साठ्याचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात हीच वृत्ती दिसते. दोन प्रतींत मेळ नसेल तर साठा स्वतः एकीचा बळी देत नाही. दोन्ही जपून ठेवतो आणि ज्याला त्या माहितीचा अर्थ कळतो त्या कार्यक्रमापुढे दोन्ही मांडतो.

पण त्याच डायनॅमोच्या वर्णनात एक कबुलीही आहे, आणि ती आमच्या हकीकतीच्या उत्तरार्धाकडे नेते. ग्राहकाच्या खरेदीच्या टोपलीच्या दोन प्रती भिन्न झाल्या तर तेथे दोहोंची बेरीज केली जाई. टोपलीत घातलेली वस्तू हरवू नये हा हेतू. परिणामी काढून टाकलेली वस्तू कधी कधी टोपलीत परत दिसे. महाभारत फुगले तेही काहीसे असेच. लेखनिकाच्या हाती दोन पोथ्या आल्या आणि एकीत चार श्लोक जास्त दिसले तर ते गाळण्याचे धाडस कोण करणार? भारताची ओवी हरवली तर पाप लागेल. अधिक आली तर पुण्यच. अशी शतकांची बेरीज होत गेली.

आमचेही तेच झाले. पहिल्या प्रसंगानंतर आम्ही काकूंचे नाव यादीत पूर्ववत घातले आणि यजमानांची ओळ पुसून टाकली. मग ग्रंथालयाची यादी मुख्य यादीत मिळवायची वेळ आली. ग्रंथालयाच्या यादीत नावे होती, सभासद क्रमांक नव्हते. एकदा पोळलेले असल्याने आम्ही या वेळी उलट टोकाचा नियम केला: कोणत्याही यादीत असलेले नाव गाळायचे नाही. ते गृहस्थ मोठे वाचक होते. ग्रंथालयाच्या यादीत त्यांचे नाव अर्थातच होते. मुख्य यादीत ते नसल्यामुळे कोणी तरी नवा सभासद आहे असे समजून आम्ही ते जोडले, आणि ग्रंथालयाच्या नूतनीकरणाचे पत्र पुन्हा त्याच घरी गेले. या वेळी काकू आल्या नाहीत. शेजारच्या मुलाबरोबर त्यांनी ते पत्र परत पाठवले. मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहिले होते, "येत्या जूनमध्ये ह्यांचे वर्षश्राद्ध आहे."

हा प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. पहिल्या वेळी नियम चुकला होता. दुसऱ्या वेळी आमची पुसण्याची रीतच चुकली होती. रिकामी जागा काही सांगत नाही. नाव यादीत नाही, याचा अर्थ ते कधी आलेच नाही असाही होतो आणि ते जाणूनबुजून काढले असाही होतो. आणि मेळ घालणाऱ्याला या दोहोंतला फरक कळायला मार्ग नसतो. म्हणून प्रतींच्या जगात पुसणे हीदेखील एक नोंदच असावी लागते. ओळ काढून न टाकता तिच्यावर 'ही अमुक दिवशी संपली' अशी खूण करायची आणि ती खूण सर्व प्रतींपर्यंत पोहोचू द्यायची. आमच्या व्यवसायात या खुणेला थडग्यावरच्या दगडाचे नाव आहे. आपण तिला वीरगळ म्हणावे. बंगळूरकरांना वीरगळाचे महत्त्व निराळे सांगायला नको. या शहराच्या दक्षिणेस बेगूर येथे नागेश्वराच्या देवळात एक शिलालेख आहे. नवव्या शतकाच्या अखेरीचा मानतात. त्यात 'बेंगळूरु'च्या लढाईत पडलेल्या एका माणसाची नोंद आहे, आणि आपल्या शहराच्या नावाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख तोच. कोणी तरी एका मृत्यूची नोंद दगडावर ठेवली म्हणून एका गावाचे नाव कळले.

तरी हे दगड साठत जातात, जागा अडवतात. ते कधी तरी हलवावेच लागतात. अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक या दोघांनी फेसबुकमध्ये असताना बांधलेला आणि 2008 साली सर्वांना खुला केलेला कॅसँड्रा हा साठा जगभर वापरात आहे. त्यात, कोणी बदलली नाही तर, या खुणेची किमान मुदत दहा दिवसांची असते. एखादी प्रत दहा दिवसांहून अधिक काळ संपर्काबाहेर राहिली आणि मग काही तपासणी न करता परत आली, तर तिच्या पोटातली मेलेली नोंद पुन्हा सर्वत्र पसरते. दहा दिवसांचे सुतक पाळणाऱ्या समाजाला हा योगायोग चकित करील. त्याहून अधिक विचार करायला लावील तो त्यामागचा हिशेब: वार्ता सगळ्या सोयऱ्यांपर्यंत पोहोचायला लागेल त्याहून मुदत मोठी असली पाहिजे. आमची ग्रंथालयाची यादी वर्षभर संपर्काबाहेर होती.

पुण्याच्या संपादकांनीही काढून टाकलेल्याची खूण ठेवली. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले ही आपल्या सर्वांची आवडती कथा त्यांना मूळ संहितेत ठेवता आली नाही. ती नष्टही केली नाही, परिशिष्टात छापली. तेथे ती आहे, आणि तिची जागा तेथे का आहे हेही नोंदलेले आहे.

आता अशी शंका येईल की प्रत्येक पाठभेदासाठी पंडितांची सभा भरवायची काय? तसे नाही. माहितीच्या जातीप्रमाणे निवाड्याची रीत आधीच ठरवता येते. गणेशोत्सवाची वर्गणी घ्या. दहा स्वयंसेवक दहा गल्ल्यांत फिरतात. एकूण जमा रक्कम प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहून ती वाढवीत नेली तर गोंधळ ठरलेला. म्हणून आपण प्रत्येकाला स्वतःचे पावतीपुस्तक देतो. एकाच पुस्तकाचा आकडा दोन ठिकाणी निराळा दिसला तर मोठा तो घ्यावा, कारण पावत्या वाढतात, घटत नाहीत. मग सर्व पुस्तकांची बेरीज करावी. कोणी कोणाच्या आधी हिशेब दिला याला महत्त्व नाही. उत्तर एकच येते. मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली अशा स्वभावतःच मेळ घालणाऱ्या रचनांचे शास्त्र बांधले.

सभागृहाच्या आरक्षणाला मात्र ही रीत चालत नाही. एका मुहूर्तावर दोन मुंजींची बेरीज होत नाही. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बायू नावाचा एक साठा बांधला गेला. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वर्णनात नेमके खोली आरक्षणाचेच उदाहरण आहे. मागणी करतानाच 'ही वेळ गेली तर पुढची चालेल' असा पर्याय लिहून घ्यावा, आणि निर्णय होईपर्यंत नोंद कच्ची आहे असे मागणाऱ्याला स्पष्ट दिसू द्यावे. यातली कच्च्या-पक्क्याची गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. पाठभेद होतील हे लपवण्यापेक्षा ते माणसाला आधी सांगितले तर अर्धा मनस्ताप वाचतो.

शेवटी नाथांचे स्मरण केल्याशिवाय मराठी माणसाला या विषयावर बोलणे थांबवता येत नाही. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशास सांगितली गेली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे तिच्या नकला होत राहिल्या आणि पाठ बिघडत गेले. शके 1506, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती पाहून ती शुद्ध केली, आणि यापुढे जो हिच्यात स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे, या आशयाचा इशारा दिला. आमच्या माहितीतला मराठीतला प्रतींच्या मेळाचा पहिला मोठा प्रयत्न तो हाच. नाथांचा अधिकार असा की सर्वांनी तो निवाडा मानला. परंतु नाकारलेले पाठ काय होते हे नाथांच्या प्रतीत नाही. 1909 साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी नाथांच्या पूर्वीची म्हणून एक प्रत छापली आणि ती खरोखर किती जुनी यावर विद्वानांत वाद झाला. ते जुने पाठ कुठे टिपलेले असते तर वाद लवकर मिटता. नाथांना तो दोष देण्याचे पातक आम्ही करणार नाही. एवढेच म्हणतो की ज्याच्यापाशी नाथांचा अधिकार नाही, त्याने सुकथनकरांची तळटीप सोडू नये. यंत्रापाशी तो नाही, आणि यंत्र चालवणाऱ्या आमच्यापाशी तर मुळीच नाही.

मंडळाच्या यादीसाठी आता आम्ही चार नियम केले आहेत. प्रत्येक फेरफाराबरोबर तो कोणत्या प्रतीत, काय पाहून झाला हे लिहायचे. भावंडे निघाली तर दोन्ही ठेवून माणसाला विचारायचे. कोणतीही ओळ पुसायची नाही, खूण करायची. आणि ज्या नोंदीत जन्म, मृत्यू किंवा नाव गुंतलेले आहे तिचा निवाडा यंत्राने करायचा नाही. त्या घरी फोन करायचा.

गेल्या महिन्यात काकूंना कार्यालयात बोलावून आम्ही त्यांची ओळ दाखवली. क्रमांक तोच, नाव त्यांचे, आणि शेजारी नवा रकाना 'पूर्वीचे सभासद', त्यात यजमानांचे नाव आणि त्यांच्या निधनाची तारीख. त्यांनी चष्मा लावून सर्व सावकाश वाचले. मग म्हणाल्या, "आता बरोबर आहे. पिनकोड तेवढा चुकलाय, पाहा."

ज्या पिनकोडासाठी आमच्या नियमाने त्यांचे नाव पुसले होते, तो पिनकोडच चुकीचा होता. आम्ही तो त्यांच्यासमोर दुरुस्त केला, आणि कोणी, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून ही टीपही खाली लिहिली.

 जाताना दाराशी ठेवलेल्या यादीत आपापली ओळ एकदा पाहून जावी, ही विनंती.